पोचा

बुधवार, शेवटचे दोन तास. वस्तुचित्र.
टेबलावर जुन्या बाजारातून आणलेला तांब्या,
शेजारी एक वांगं (ते संध्याकाळी घरी न्यायचंय),
मागे विटका पलंगपोस, चुण्या पडाव्यात म्हणून.
आठवी ब. पंचेचाळीस पोरं. खोडरबर सातच,
ते बाकांखालून फिरतात चिठ्ठ्यांसारखे.

मी सांगतो, बावीस वर्षं सांगतोय तेच:
माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा.
तांब्याचं तोंड गोल, हे तुम्हाला माहीत आहे.
तुमच्या जागेवरून ते गोल दिसतं का? एक डोळा मिटा.
हात लांब, कोपर ताठ, पेन्सिल उभी,
अंगठ्याने माप घ्या.
पंचेचाळीस पेन्सिली माझ्या दिशेने रोखल्या जातात.
इतकं लक्ष मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये
कधी मिळालेलं नाही.

तरी इरफान बूड पट्टीने काढतोच.
"सर, टेबल सपाट आहे ना."
तर्क बिनचूक. तांब्या मात्र करवतीने कापल्यासारखा.
अन्विताला रिकामा कोपरा सोसत नाही;
बालवाडीपासून हाताला सवय,
दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून मोकळी.
"कुठे दिसला गं तुला सूर्य?"
खिडकीबाहेर पाण्याची गंजकी टाकी,
कुणाची तरी वाळत घातलेली सतरंजी,
आणि तांबट आळीतली ठकठक,
जी आम्हाला ती थांबली तरच ऐकू येते.

शलाका उशिरा आली. तिला उरली कपाटालगतची जागा,
जिथून वांग्याचं नुसतं देठ दिसतं.
तिने काढलेला तांब्या डावीकडे बसका,
कुणी त्याच्या बरगडीत कोपर मारल्यासारखा.
मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली.
(असं करायचं नसतं. ए.टी.डी.ला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.)
खोडलं, आणि एका दमात गरगरीत पोट काढून दिलं.
"तांब्या असा असतो."
ती काही बोलली नाही.
कागदाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
एक डोळा मिटून.

घंटा झाली. वर्ग सांडला जिन्यावरून.
वांगं पिशवीत टाकलं. खाली राहिलेली कुणाची तरी पेन्सिल
उचलायला कपाटाजवळच्या बाकावर टेकलो.
गुडघे मावेनात. मान वर केली.

पोचा.
चांगला वाटीएवढा, डाव्या अंगाला,
आणि त्यात उतरलेली खिडकी, वाकडी होऊन.

सात वर्षं हाच तांब्या. दर वेळी मी कपाटातून काढतो,
किंचित फिरवून ठेवतो,
चांगली बाजू वर्गाकडे.
किंचित का फिरवतो?
म्हणजे हाताला माहीत होतं.
मला कुणी विचारलं असतं, तर शपथेवर सांगितलं असतं
की तांब्या गोल आहे.

तिच्या कागदावर माझी रेघ:
ठळक, गुळगुळीत, परीक्षेत गुण आणणारी.
कागद तिरपा धरला उजेडात
तर खाली तिची रेघ अजून होती, रंग नसलेली,
नुसता खळगा.
दाबून काढली होती पोरीने.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिला गाठलं.
म्हटलं, काल तुझं बरोबर होतं.
"हो," ती म्हणाली. डब्यातली मटकी संपवली.
मग, माझी कीव येऊन बहुतेक,
"सर, तो तांब्या द्या ना माझ्याकडे.
आमचे बाबा अर्ध्या तासात पोचा काढतात.
वरून मठारून दिला की कळणारसुद्धा नाही
कुठे होता ते. पैसे नाही घेणार तुमच्याकडून."

"नको," मी म्हणालो,
इतक्या मोठ्याने
की नळावर पाणी पिणारी पोरं
ओंजळ तशीच धरून बघत राहिली.